मंडळीचे पाळक व मधमाशांचे पाळक : रेव्ह. लोरेंझो लँगस्ट्रॉथ

पवित्र शास्त्रात मधाचा उल्लेख ठिकठिकाणी येतो. इस्राएल लोकांस जो देश मिळावयाचा होता त्याचे वैभव सांगताना दुधाबरोबर मधाचेच नाव घेतले आहे, आणि बाप्तिस्मा करणारा योहान अरण्यात रानमधावर निर्वाह करीत असे. आमच्या खेड्यांतही मध हा औषधाला, देण्याघेण्याला व विक्रीला उपयोगी पडणारा पदार्थ आहे. परंतु तो कसा काढितात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस त्यात काही गोडी वाटणार नाही. काळोख्या रात्री पेटते चूड घेऊन माणसे झाडावर किंवा कड्यावर चढतात. मोहोळाखाली जाळ होतो. हजारो माशा होरपळून खाली पडतात. मग सगळे पोळे बुडापासून कापून, त्यातील पिलाव्यासकट हाताने पिळून काढितात. एखादा गडी दंशांनी बेजार होतो, एखादा तोल जाऊन जन्माचा अधू होतो. मिळालेला मध गढूळ असल्याने लवकर आंबतो व बाजारात त्यास भाव येत नाही. आणि ज्या मोहोळाने तो दिला ते तर नाहीसेच होते.

मध घ्यावयाचा म्हणजे माशा मारल्याच पाहिजेत, असा समज केवळ आमच्याच देशात होता असे नाही. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील शेतकरीही असेच करीत. हा समज ज्यांनी मोडून काढिला ते कोणी मोठे शास्त्रज्ञ नव्हते, तर एका मंडळीचे पाळक होते. त्यांचे नाव रेव्ह. लोरेंझो लोरेन लँगस्ट्रॉथ. त्यांचे चरित्र आम्ही ह्या अंकी आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

लँगस्ट्रॉथ ह्यांचा जन्म अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी सन 1810 च्या डिसेंबर महिन्याच्या 25 व्या तारखेस, म्हणजे नाताळाच्याच दिवशी झाला. बालपणापासून त्यांस कीटक पाहण्याचा मोठा नाद होता. मुंग्यांची रांग कोठे जाते, त्या काय वाहून नेतात, हे पाहत ते जमिनीवर तासन् तास गुडघे टेकून बसत. त्यामुळे विजारीचे गुडघे फाटत व घरी बोलणी खावी लागत. आईबापांस हा छंद निरर्थक वाटला ह्यात नवल नाही. पुष्कळ आईबाप आपल्या मुलाच्या अंगी देवाने घातलेले दान प्रथम ओळखीत नाहीत.

पुढे ते येल येथील विद्यालयात शिकून सन 1831 मध्ये पदवीधर झाले. तेथेच त्यांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला व काही काळ गणित शिकविले. सन 1836 मध्ये मॅसॅच्युसेट्स प्रांतातील अँडोव्हर गावच्या मंडळीने त्यांस आपले पाळक म्हणून बोलाविले. त्याच वर्षी ॲना टकर नावाच्या सुशील बाईंशी त्यांचा विवाह झाला. सर्व काही सुरळीत चालेल असे दिसत होते. परंतु एक दुखणे त्यांच्या पाठीस लागले होते, त्याने त्यांस आयुष्यभर सोडले नाही.

हे दुखणे मनाचे होते. अधूनमधून त्यांच्या चित्तावर असा काही काळोख पसरे की महिनेच्या महिने त्यांस कोणतेही काम करवत नसे. उपदेश करणे, लोकांस भेटणे, लिहिणे, सर्वच बंद पडे. मग तो काळोख जसा येई तसाच ओसरून जाई, आणि ते पुन्हा उल्हासाने कामास लागत. आमच्या लोकांत अशा माणसास भूतबाधा झाली असे कोणी म्हणतो, तर कोणी म्हणतो की त्याचा विश्वासच कमी आहे. दोन्ही बोलणी अज्ञानाची व निर्दयपणाची आहेत. तापाने जसे शरीर पडते तसा हा रोग आहे. त्यावर वैद्यकीय उपचार आहेत, व ते करावयास संकोच धरू नये. लँगस्ट्रॉथ ह्यांच्या काळी असे उपचार नव्हते. त्यांनी तो भार वाहिला, व त्याखालीही देवावरचा विश्वास टाकिला नाही.

ह्या दुखण्यामुळे सन 1838 मध्ये त्यांस अँडोव्हरची पाळकी सोडावी लागली. त्याच वर्षी एका स्नेह्याच्या घरी त्यांनी मेजावर काचेच्या भांड्यात ठेविलेले मधाचे पोळे पाहिले. ते इतके शुभ्र व सुंदर होते की त्यांनी माशा पाहण्याची इच्छा दर्शविली, व घरधन्याने त्यांस माडीवर नेऊन आपल्या माशांची घरे दाखविली. बालपणीची आवड एका क्षणात जागी झाली. त्या दिवशी घरी परतताना त्यांनी माशांची दोन घरे विकत घेतली होती. मन खचले असता मोकळ्या हवेत माशांची निगा राखणे त्यांस औषधासारखे वाटू लागले. पुढे ते शाळांतून शिकवीत राहिले, ग्रीनफील्ड गावी पुन्हा काही वर्षे पाळक झाले, व सन 1848 मध्ये फिलाडेल्फियास परत येऊन त्यांनी मुलींची शाळा काढिली. ह्या सर्व स्थलांतरांत माशा त्यांच्याबरोबर होत्याच.

आता त्या वेळची मधमाशा पाळण्याची रीत सांगितली पाहिजे. कोणी पोकळ ओंडक्यात, कोणी साध्या लाकडी खोक्यात, तर कोणी पेंढ्याच्या दोरांनी विणलेल्या टोपलीवजा घरात माशा ठेवीत. अशा घरात माशा आपली पोळी छताला व भिंतींना घट्ट चिकटवितात. आत काय चालले आहे, राणी जिवंत आहे की मेली, मेणकिडा लागला आहे की काय, अन्न पुरेसे आहे की उपासमार चालू आहे, हे मालकास बाहेरून काही कळत नसे. पोळी कापल्याशिवाय आत हात घालता येत नसे, आणि पोळी कापावी तर माशा चवताळून अंगावर येत. म्हणून शरद ऋतूत शेतकरी आपली घरे उचलून वजन पाहत. जी सर्वांत जड ती मधासाठी, आणि जी सर्वांत हलकी ती हिवाळ्यात जगणार नाहीत म्हणून बाजूला काढीत. मग जमिनीत खळगा खणून, त्यात गंधक जाळून, त्यावर ती घरे ठेवीत. थोड्याच वेळात आतील गुणगुण थांबे. जी माशी उन्हाळाभर राबली तिला मजुरी म्हणून मरण मिळे. आणि अतिशय उद्योगी वसाहती दरवर्षी मारल्या जात असल्याने शेतकरी आपलेच बियाणे खाऊन टाकीत होता.

ही गोष्ट लँगस्ट्रॉथ ह्यांच्या मनास फार लागली. जिनेव्हा येथील ह्यूबर नावाच्या आंधळ्या विद्वानाचे ग्रंथ त्यांनी वाचिले. ह्यूबर ह्यांनी आपल्या सेवकाच्या डोळ्यांनी मधमाशांचे निरीक्षण केले होते, व पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडणारे माशांचे घर बनविले होते. त्या धर्तीचे घर करून पाहताच लँगस्ट्रॉथ ह्यांस एक मोठी गोष्ट उमगली, ती ही की सावधपणे वागल्यास माशा आपली पोळी उघडू देतात व चवताळत नाहीत. परंतु सामान्य शेतकऱ्यास वापरता येईल इतके ते घर सोपे नव्हते.

प्रथम त्यांनी खोक्यात वरच्या बाजूस सुट्या पट्ट्या ठेविल्या, त्यांस माशा पोळी बांधीत. पट्ट्या व झाकण ह्यांच्या मध्ये त्यांनी सुमारे तीन अष्टमांश इंच, म्हणजे एक सेंटिमीटरास किंचित कमी, अशी फट सोडली. तेव्हा झाकण चिकटेनासे झाले व सहज निघू लागले. तरी पोळ्यांच्या कडा भिंतींस चिकटलेल्या राहत, व त्या दर वेळी सुरीने कापाव्या लागत. सन 1851 च्या ऑक्टोबर महिन्याच्या 30 व्या तारखेस हाच विचार करीत असता त्यांच्या मनात एकाएकी प्रकाश पडला. जी फट झाकणाखाली सोडली तीच चोहोंकडून का सोडू नये? पोळ्यास चार बाजूंची लाकडी चौकट द्यावी, व चौकट आणि भिंत ह्यांच्या मध्येही तेवढीच फट ठेवावी, म्हणजे चौकट सुटी राहील आणि पोळे न कापता हाताने उचलून बाहेर घेता येईल.

ह्या युक्तीचे मर्म माशीच्या स्वभावात आहे. फट त्याहून मोठी असली तर माशा तीत नवे पोळे बांधितात. लहान असली तर झाडांपासून आणलेल्या राळेसारख्या चिकट पदार्थाने ती बुजवून टाकितात. परंतु एका माशीस सुखाने जाता येईल एवढीच वाट असली तर ती वाट म्हणून त्या मोकळी ठेवितात. लँगस्ट्रॉथ ह्यांनी माशीवर काही जबरदस्ती केली नाही. जी मर्यादा उत्पन्नकर्त्याने तिच्या ठायी घालून ठेविली होती ती त्यांनी ओळखली, व तिच्या मापाने घर बांधिले.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की सुट्या पोळ्यांची कल्पना एकट्या त्यांचीच नव्हती. युक्रेन देशात प्रोकोपोविच ह्यांनी सन 1814 च्या सुमारास चौकटी वापरल्या होत्या, आणि सन 1828 मध्ये शाळा काढून शेतकऱ्यांच्या मुलांस माशा पाळण्याचे शिक्षण दिले होते. सायलेशियात झिअरझोन नावाचे रोमन कॅथोलिक धर्मगुरू सुट्या पट्ट्यांची घरे वापरीत असत. परंतु चोहोंकडून मोकळी, वरून सहज उचलता येणारी, व कोणाही सुतारास करता येणारी चौकट लोकांच्या हाती देण्याचे श्रेय लँगस्ट्रॉथ ह्यांचेच होय. पेनसिल्व्हेनियातील सॅम्युएल वॅग्नर नामक एका गृहस्थांनी झिअरझोन ह्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करून ठेविले होते. त्यांनी लँगस्ट्रॉथ ह्यांच्या पेट्या पाहिल्या, तेव्हा आपले भाषांतर बाजूस ठेवून त्यांनी लँगस्ट्रॉथ ह्यांसच ग्रंथ लिहिण्याचा आग्रह केला. दुसऱ्याचे काम अधिक उपयोगी आहे हे पाहून आपले काम मागे ठेवणारी अशी माणसे मंडळीतसुद्धा विरळाच असतात.

फिलाडेल्फियातील हेन्री बुर्कँ नावाचे सुतार स्वतः मधमाशांचे शौकीन होते. त्यांनी पहिल्या पेट्या करून दिल्या. सन 1852 च्या ऑक्टोबर महिन्याच्या 5 व्या तारखेस लँगस्ट्रॉथ ह्यांस पेटीचे पेटंट मिळाले, आणि सन 1853 मध्ये पेटी व मधमाशी ह्यांविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हस्तलिखित तयार करण्याच्या कामी त्यांच्या पत्नीने पुष्कळ साह्य केले. त्या वेळी पाळकमहाशयांचे दुखणे पुन्हा उचल खात होते हे लक्षात घेतले, म्हणजे त्या साह्याची किंमत कळते.

हा ग्रंथ म्हणजे साध्या शेतकऱ्याची शाळाच होती. त्यातील काही शिकवण आमच्या वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो. पोट मधाने भरलेली माशी सहसा डंख मारीत नाही; आणि भय वाटले की माशा प्रथम मध पिऊन घेतात. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी हलकासा धूर द्यावा, किंवा माशांवर साखरेचे पाणी शिंपडावे, व त्या पोट भरून घेईपर्यंत थोडा वेळ थांबावे. जाळ करू नये. पेटीस धक्का देऊ नये, हात झटकू नये, माशांवर श्वास सोडू नये. नवशिक्याने तोंडावर जाळी घ्यावी. कमजोर वसाहती मारू नयेत, तर दोन मिळून एक करावी. राणी नसल्यास ती मिळवून द्यावी. टंचाईच्या दिवसांत खाऊ घालावे. हिवाळ्यास पुरेल एवढा मध माशांस ठेवूनच उरलेला घ्यावा. ज्याच्या वसाहती बळकट त्यास मेणकिड्याचे भय थोडे. त्या काळी मेणकिडा लागणारच नाही अशी हमी देऊन पेट्या विकणारे फिरते व्यापारी पुष्कळ होते; त्यांजविषयी लँगस्ट्रॉथ ह्यांनी शेतकऱ्यांस स्पष्ट सावध केले. आणि स्वतःच्या पेटीविषयीही त्यांनी फुशारकी मिरविली नाही. निष्काळजी माणसास कोणतीच पेटी नफा देणार नाही, असे त्यांनी लिहून ठेविले आहे.

पुढे दुसऱ्यांनीही ह्या कामात भर घातली. सन 1857 मध्ये जर्मनीत मेरिंग ह्यांनी मेणाच्या पत्र्यावर घरांचे ठसे उमटविण्याची युक्ती काढिली, आणि सन 1865 मध्ये ह्रुश्का ह्यांनी पोळे न मोडता गरगर फिरवून मध काढण्याचे यंत्र लोकांस दाखविले. परंतु पोळे चौकटीत असल्यावाचून ते यंत्रात घालणार कसे? म्हणून ह्या सुधारणांचा खरा पाया ती सुटी चौकटच होय. रिकामे पोळे पेटीत परत ठेविले की माशा ते पुन्हा भरितात, आणि पोळे नव्याने बांधण्याचे त्यांचे श्रम वाचतात.

जगास इतका लाभ झाला. परंतु लँगस्ट्रॉथ ह्यांस स्वतःस काय मिळाले? पेटंट त्यांच्या नावाचे होते खरे, पण त्यांची पेटी इतकी सोपी होती की ज्याने त्याने तिची नक्कल केली, व थोडा फेरफार करून ती आपलीच म्हणून विकली. न्यायासाठी कोर्टात जावे तर तेथील खर्च पाळकाच्या आवाक्याबाहेरचा. ह्या वादांनी त्यांचे धन व आरोग्य दोन्ही खाल्ले, आणि पेटंटाची मुदत सरली तेव्हा हाती म्हणण्यासारखे काहीच उरले नाही.

सन 1858 मध्ये ते ओहायो प्रांतातील ऑक्सफर्ड गावी राहावयास गेले. तेथे सुमारे दहा एकर जागेत त्यांनी माशांस उपयोगी अशी झाडे व पिके लाविली, आणि आपला मुलगा जेम्स ह्याच्या साह्याने स्वभावाने गरीब अशा इटालियन माशांच्या राण्या वाढवून त्या दूरदूर पाठविल्या. परंतु सन 1870 मध्ये जेम्स वारला, आणि सन 1873 मध्ये त्यांची पत्नीही देवाघरी गेली. दुखण्याचे झटके अधिक लांबू लागले. त्या दिवसांत अशी स्थिती होई की ज्या माशांसाठी त्यांनी आयुष्य वेचिले त्यांचे नावही त्यांस ऐकवत नसे, व मन दुसरीकडे वळविण्यासाठी ते बुद्धिबळाचा पट मांडून बसत. शेवटी त्यांनी आपल्या माशा विकून टाकिल्या. ग्रंथाची नवी आवृत्ती काढण्याचे त्राण त्यांच्यात राहिले नव्हते. तेव्हा फ्रान्सातून येऊन इलिनॉय प्रांतात स्थायिक झालेले मधपाळ शार्ल दादाँ ह्यांनी पुत्रासह ते काम अंगावर घेतले, व सन 1889 मध्ये ती आवृत्ती प्रसिद्ध केली.

सन 1887 पासून लँगस्ट्रॉथ आपल्या मुलीच्या कुटुंबाबरोबर डेटन शहरी राहत होते. दुखणे ओसरले की ते उपदेशही करीत. सन 1895 च्या ऑक्टोबर महिन्याची 6 वी तारीख, रविवार, ह्या दिवशी तेथील वेन ॲव्हेन्यू प्रेस्बिटेरियन मंडळीत त्यांस बोलावयाचे होते. विषय होता देवाची प्रीती. ते बोलू लागले, इतक्यात त्यांची शक्ती गेली, आणि थोड्याच वेळात त्याच उपासनामंदिरात त्यांनी प्राण सोडिला. त्या वेळी त्यांचे वय 84 वर्षांचे होते. ज्या पाळकास दुखण्याने वारंवार व्यासपीठावरून खाली उतरविले त्यास देवाने शेवटी व्यासपीठावरूनच आपल्याकडे बोलाविले.

आमच्या देशाशीही ह्या कामाचा संबंध जडला. आमच्याकडील सातेरी माशी युरोपातील माशीहून लहान; तिला पेटी व फटही थोडी लहानच लागते. दक्षिणेत तिरुचिरापल्ली येथे न्यूटन नावाच्या कॅथोलिक धर्मगुरूंनी सन 1911 ते 1917 ह्या काळात देशी माशीच्या मापाची सुट्या चौकटींची पेटी तयार करून खेडुतांस शिक्षण दिले, आणि ती पेटी अद्याप न्यूटन ह्याच नावाने ओळखली जाते. त्यानंतर त्रावणकोरात मार्तंडम येथे वाय. एम. सी. ए. च्या ग्रामसुधारणा केंद्रात डॉ. स्पेन्सर हॅच ह्यांनी गरीब कुटुंबांस जे जोडधंदे शिकविले त्यांत मधमाशांचे पालन हा एक होता. आमच्या महाराष्ट्रात महाबळेश्वराच्या रानात हे काम वाढले. सन 1962 मध्ये पुण्यास मधमाशांच्या संशोधनाची व शिक्षणाची मध्यवर्ती संस्था निघाली. आणि सन 2022 मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर ह्या खेड्यास मधाचे गाव असे नाव देण्यात आले. आग्या माशी पेटीत राहत नाही हे खरे. परंतु तिच्याही मोहोळाखाली जाळ न करता, अंगावर संरक्षक पोशाख घालून, थोड्या धुराने माशा बाजूस सारून, पिलाव्याचा भाग तसाच ठेवून, केवळ मधाचा भाग कापून घेता येतो, व तसे शिक्षणही आता देण्यात येते.

ज्या गावांत आमच्या मंडळ्या रानाजवळ राहतात, व ज्यांचे बापदादे मध काढीत आले, त्यांस आमचे सांगणे इतकेच की आपले जुने ज्ञान टाकू नका. कोणत्या फुलावर माशी केव्हा बसते, कोणत्या खोडात सातेरी राहते, हे तुम्हांस पुस्तकांवाचून कळते, आणि ते ज्ञान मोठ्या मोलाचे आहे. टाकावयाचा तो फक्त जाळ. शिकलेल्यांनी शिकविण्यास जावे ते प्रथम ऐकून घेण्याच्या तयारीने जावे. आणि ज्यांस शिकावयाचे त्यांनी एक पेटी घेऊन, जाणत्याच्या हाताखाली एक हंगाम काढून, मग दुसरी घ्यावी. पेटीबरोबर टोपी, जाळी व धुराडे घेण्यास विसरू नये, कारण दंशाने क्वचित एखाद्याच्या जिवावर बेतते. दंशानंतर ज्यास धाप लागेल किंवा ज्याचे तोंड सुजेल त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

लँगस्ट्रॉथ ह्यांनी धन मागे ठेविले नाही. त्यांचे शरीर व मन दोन्ही दुबळी होती. तथापि आज जगात ठिकठिकाणी ज्या पेट्यांतून मध निघतो त्यांतील बहुतेक त्यांच्याच धर्तीच्या आहेत, आणि त्यांत दरवर्षी असंख्य वसाहती जिवंत राहतात ज्या पूर्वी गंधकाच्या खळग्यावर गेल्या असत्या. ज्या प्राण्यावर देवाने मनुष्यास अधिकार दिला त्याला न मारता त्याचे देणे घेता येते, हे त्यांनी एका बोटाएवढ्या फटीने दाखवून दिले. आमच्या खेड्यांतील भाऊबहिणींनी ह्या गोष्टीचा विचार करावा, आणि येत्या हंगामी मोहोळाकडे जाताना पेटता चूड घरी ठेवून जावे, अशी आमची प्रार्थना आहे.